गर्दी माणसांची की मांडणीची?

आधी एक कोडं घालतो.

शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना रंगलाय. मैदानाभोवती पोरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मागचा पुढच्याच्या खांद्यावरून माना उंचावून बघतोय. आता दुसरं चित्र डोळ्यांसमोर आणा. बाजाराचा दिवस आहे, एसटी आत्ताच स्टँडला लागलीय, आणि तिच्या दाराशी तितकीच माणसं तशीच खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोन्हीकडे माणसं सारखी. एकेकाच्या वाट्याला आलेली जागाही सारखी. पण सामना बघणारा टाळ्या पिटतो आणि एसटीच्या दाराशी उभा असलेला म्हणतो, "लई गर्दी हाय बा!"

माणसं तेवढीच, जागा तेवढीच. मग ही गर्दी आली कुठून?

थोडा विचार करा. सामन्यात कुणाला कुठं जायचं नसतं. सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी असतात, आणि कंटाळा आला तर मागच्या मागे सटकता येतं. एसटीच्या दाराशी मात्र प्रत्येकाला त्याच अरुंद दारातून आत शिरायचं असतं, उतरणाऱ्यांना त्यातूनच बाहेर पडायचं असतं आणि आपल्याला जागा मिळेल की नाही हे ठाऊक नसतं. म्हणजे गर्दी फक्त डोकी मोजून कळत नाही. ती डोकी कुठं, कशी आणि कशासाठी एकत्र आली, यावरही ती ठरते.

दाटी वेगळी, गर्दी वेगळी

एका चौरस मीटरमध्ये किंवा एका चौरस किलोमीटरमध्ये किती माणसं आहेत, हा झाला हिशोब. त्याला आपण दाटी म्हणू. ती मोजता येते. पण "बाप रे, किती गर्दी!" हे वाटणं मनातलं असतं. १९७२ साली डॅनियल स्टोकोल्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या दोन गोष्टींमधला फरक नीट उलगडून दाखवला. दाटी वाढली की गर्दी वाटण्याची शक्यता वाढते हे खरं. पण दाटी असूनही गर्दी न वाटणं आणि माणसं थोडी असूनही जीव गुदमरणं, हे दोन्ही होऊ शकतं.

एक मजेदार उदाहरण पाहा. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला १९,६५२ माणसं राहत होती. आणि ज्याचे चित्रांतले रुंद, झाडांचे रस्ते बघून आपण हरखून जातो, त्या पॅरिस शहरात? त्याच सुमारास तिथं दर चौरस किलोमीटरला साधारण २१,००० माणसं होती. म्हणजे मुंबईपेक्षा कमी नाहीतच, थोडी जास्तच!

मग पॅरिस दाटीवाटीचं का वाटत नाही? १८५३ पासून पुढे सतरा वर्षं जॉर्ज ओस्मान या अधिकाऱ्याने तिथल्या राजाच्या हुकमावरून जुन्या बोळांमधून रुंद, सरळ रस्ते काढले. कडेला झाडं लावली, पायी चालणाऱ्यांसाठी रुंद वाट ठेवली, बागा केल्या. घरं पाच-सहा मजल्यांची, एकाच उंचीची. माणसं एकावर एक मजल्यांवर राहिल्यामुळे खाली रस्त्याला आणि बागेला जमीन उरली. यात हजारो गरीब कुटुंबांची घरं पाडली गेली, हेही विसरून चालणार नाही. शिवाय मुंबईत एकाच खोलीत पाच-सहा माणसं राहणारी असंख्य घरं आहेत, तो भागही वेगळाच. पण एवढं नक्की की नुसत्या आकड्यावरून शहर कोंदट आहे की मोकळं, हे सांगता येत नाही.

लांबच लांब बोळाची गोष्ट

आता तुमच्या जवळची गोष्ट. दहावी झाली की नांदेड जिल्ह्यातली कितीतरी मुलं-मुली नांदेडला किंवा लातूरला शिकायला जातात. नायगावची, नरसीची, देगलूरची. मग खोली, मेस आणि वसतिगृह आलंच. तुमचा दादा किंवा ताई सुटीत घरी आली की म्हणते ना, "हॉस्टेलात डोकं उठतं"? ते का, याचा अभ्यास झालेला आहे बरं का!

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रुक नावाचं विद्यापीठ आहे. तिथं अँड्र्यू बाउम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तिथल्या वसतिगृहांचा अभ्यास केला. वसतिगृहं दोन प्रकारची होती. पहिल्या प्रकारात एक लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना दोघादोघांच्या खोल्या, आणि मजल्यावरच्या तीस-पस्तीस मुलांसाठी एकच न्हाणीघर आणि एकच बैठकीची खोली. दुसऱ्या प्रकारात दोन-तीन खोल्यांचा एक छोटा गट. त्यातल्या चार ते सहा मुलांना स्वतंत्र न्हाणीघर आणि स्वतंत्र बैठक. गंमत म्हणजे दर मुलामागे जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच होती आणि मजल्यावरची मुलंही साधारण तेवढीच.

पण विचारल्यावर लांब बोळातली मुलं म्हणाली, "इथं फार गर्दी आहे." गटातली मुलं तसं म्हणत नव्हती. बोळातल्या मुलांची तक्रार काय होती? दात घासायला निघालं तरी वाटेत दहा जण भेटतात. ज्याच्याशी बोलायचं नाही तोही भेटतो. कोण कधी समोर येईल, यावर आपला काही ताबाच नाही!

पुढचं तर आणखी नवल. या मुलांना एका वेगळ्या खोलीत अनोळखी माणसाशेजारी वाट बघत बसवलं, तेव्हा लांब बोळात राहणारी मुलं त्याच्यापासून जास्त दूर बसली आणि त्याच्याकडे कमी बघत होती. म्हणजे इमारतीचा बोळ त्यांच्या वागण्यातही शिरला होता!

नंतर बाउम आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने एका लांब बोळाच्या मधल्या काही खोल्या मोकळ्या करून तिथं बैठक केली आणि दारं लावून बोळाचे दोन तुकडे पाडले. मुलं फारशी कमी झाली नाहीत. पण आता प्रत्येक तुकड्यात साधारण वीसच जण उरले, आणि त्या मुलांची गर्दीची तक्रार कमी झाली. १९८० साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

हमरस्त्यावरचं गाव आणि लातूरची गोलाई

आता तो लांब बोळ डोक्यात ठेवा आणि आपल्या गावाकडे बघा.

नायगाव हे नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. आपल्याकडची अशी बरीच गावं हमरस्त्याच्या काठाकाठाने वाढतात. का? कारण गिऱ्हाईक रस्त्यावरून जातं. मग दुकान रस्त्याला तोंड करून, त्याच्यापुढे हातगाडी, तिच्यापुढे मोटारसायकल, तिच्यापुढे ऑटो आणि काळी-पिवळी. उरलेल्या जागेतून ट्रक, एसटी, उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली, शाळेत जाणारी तुम्ही मुलं आणि मधेच बसलेली एखादी म्हैस! वहीला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो की हैदराबादला जायचं असो, वाट एकच. हा म्हणजे वसतिगृहाचा लांब बोळच झाला की! बाजाराच्या दिवशी आपण म्हणतो, "गावात माणूस मावंना." पण मागच्या गल्लीत जाऊन पाहिलं, तर तिथं कुत्रंही दिसत नाही.

याच्या अगदी उलटी मांडणी बघायची असेल तर लातूरला जा. तिथली गंज गोलाई मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला. त्या वेळी हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. गोलाईत दुमजली गोलाकार इमारत उभी राहिली. मधोमध देवीचं देऊळ, आणि चहूबाजूंनी गोलाईला येऊन मिळणारे तब्बल १६ रस्ते! एका रस्त्यावर सोन्या-चांदीची दुकानं, एकीकडे चपला-जोडे, कुठं मिरची तर कुठं गूळ.

या मांडणीने काय साधतं पाहा. गूळ घ्यायला आलेल्याला सोनाराच्या गिऱ्हाइकांतून वाट काढावी लागत नाही. माणसं आपापल्या कामाप्रमाणे आपोआप वाटली जातात. एका रस्त्यावर रेटारेटी असली तर शेजारचे रस्ते असतातच. आणि पहिल्यांदा आलेल्या माणसालाही मधलं देऊळ ही खूण मिळते. आपण कुठं आहोत आणि कुठून बाहेर पडायचं, हे कळतं. गर्दीत सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? वाट चुकण्याची. खूण दिसत राहिली की निम्मी गर्दी तिथंच कमी होते.

अर्थात गोलाई काही जादूची कांडी नव्हे. बैलगाडीच्या काळात आखलेल्या रस्त्यांवर चारचाकी गाड्या येऊन थांबल्या, तर १६ काय आणि ३२ काय, सगळेच रस्ते तुंबणार!

नांदेडचे पट्टे

गाड्यांचं काय करायचं, याचं एक उत्तर नांदेडने शोधून पाहिलं होतं. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला गुरू ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली. त्या घटनेला २००८ साली तीनशे वर्षं झाली. देशोदेशीचे लाखो भाविक येणार, म्हणून आधीची काही वर्षं शहरात मोठी कामं निघाली. गुरुद्वाऱ्याच्या आसपासचा परिसर मोकळा केला, गोदावरीचे घाट बांधले आणि रस्ते नव्याने आखले. रस्त्यांचा आराखडा दिल्लीचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेव यांच्याकडे होता. दिल्लीतलं प्रसिद्ध 'दिल्ली हाट' त्यांनीच रचलेलं.

त्यांची कल्पना साधी होती. एकाच डांबरी पट्टीवर सगळ्यांना सोडण्याऐवजी प्रत्येकाला आपापला पट्टा द्यायचा. पायी चालणाऱ्याला फुटपाथ, सायकलला सायकलचा पट्टा, मधे झाडांची रांग, ऑटोला थांबायला जागा, बसायला बाकं, फेरीवाल्यालाही कोपरा. देशातल्या रस्त्यांचा विचार करणाऱ्या मंडळींनी नांदेडचं हे काम पुढे उदाहरण म्हणून दाखवलं.

यात एक मोलाची गोष्ट आहे. आपल्याकडे रस्ता तुंबला की पहिला राग निघतो तो हातगाडीवाल्यावर. "हाकला त्याला!" पण केळीची गाडी लावणाऱ्या मावशींना कुठंतरी उभं राहायचंच आहे, कारण तुम्हा-आम्हाला केळी हवीच आहेत. त्यांच्यासाठी जागा आखली नाही तर त्या वाटेतच उभ्या राहणार. आराखड्यात त्यांचा कोपरा असेल तर त्या वाटेतून बाजूला होतात. माणसं तेवढीच राहतात, धक्काबुक्की कमी होते.

पण पट्टा नुसता आखून भागत नाही. सायकलच्या पट्ट्यावर मोटारसायकल उभी राहिली की सायकलवाला गाड्यांमध्ये येतो, फुटपाथवर दुकानाचं सामान आलं की आजोबा रस्त्यावर उतरतात, आणि सगळी मांडणी पुन्हा विस्कटते. ते सांभाळणं नगरपालिकेचंही काम आहे आणि आपलंही.

मोकळं केलं की झालं?

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे! घरं लांबलांब बांधा, रस्ते ऐसपैस करा, गर्दीच नको. थांबा. हाही प्रयोग आपल्या मराठवाड्यात झालाय, आणि तो फार मोठ्या दुःखातून झालाय.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातली हजारो माणसं झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. जुनी गावं म्हणजे दाट वस्ती. भिंतीला भिंत, अरुंद बोळ, डोक्यावर मातीचं जड माळवद.

तरी त्या दाटीतही एक मांडणी होती. जुना वाडा आठवून पाहा. आधी मोठा दरवाजा, आत शिरताच ढाळज, म्हणजे आल्यागेल्याने बसायची उंच बैठक. मग उघडा चौक. त्याच्याभोवती सोपे, आणि सगळ्यांत आत माजघर. परका माणूस ढाळजेत थांबायचा, सोयरा चौकापर्यंत यायचा, घरचा आत जायचा. एका वाड्यात वीस-पंचवीस माणसं राहत, पण एकमेकांच्या अंगावर पडत नसत. (घरच्या सुनांना विचारलं असतं तर त्यांनी कदाचित वेगळं सांगितलं असतं, कारण ढाळजेत बसायची मुभा त्यांना नव्हती!)

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. लोक इतके धास्तावले होते की त्यांना स्वतःलाच रुंद रस्ते आणि सुटी घरं हवी होती. भिंत पडली तरी पळायला जागा पाहिजे! ते बरोबरच होतं. नवी गावं काटकोनात आखली, प्रत्येक घर आपल्या प्लॉटवर वेगळं. जमीन किती, त्याप्रमाणे घरं २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट अशा तीन मापांची. गावं जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरली.

घरं मजबूत झाली, पण दुसरीच अडचण निघाली. अनेक ठिकाणी एका मापाची घरं एका बाजूला आल्याने पिढ्यान्पिढ्यांचे शेजारी दूर गेले. म्हाताऱ्या माणसांना पारावर जायचं म्हणजे लांबची रपेट झाली. रुंद रस्त्यांवर सावली नव्हती, त्यामुळे दुपारी बाहेर टेकायची सोय नाही. नव्या गावांचा अभ्यास करायला आलेल्या जाणकारांनी या तक्रारी नोंदवून ठेवल्या. हळूहळू लोकांनीच मांडणी बदलली. कुणी अंगणाला भिंत घातली, कुणी खोली वाढवली, कुणी कोपऱ्यावर किराणा दुकान टाकलं, झाडं वाढवली. माणसाला गर्दी नको असते. पण माणसं हवी असतात. भेटावंसं वाटलं तर भेटता यावं आणि नको वाटलं तर दार लावता यावं, अशी सोय त्याला हवी असते. वसतिगृहातली मुलं तरी दुसरं काय सांगत होती?

खरी धोक्याची गर्दी

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. गर्दी मनात असते म्हणून ती नेहमीच निरुपद्रवी असते, असं नाही. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असतील तर आपण सहज हलू शकतो. पाच-सहाच्या पुढे गेलं की आपले पाय आपले राहत नाहीत. लाट जशी नेईल तसं जावं लागतं.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी, स्टेशनच्या पादचारी पुलावर असंच झालं. सकाळची वेळ, जोराचा पाऊस, भिजू नये म्हणून पुलावरच थांबलेली माणसं आणि मागून एकामागून एक येणाऱ्या लोकल. त्या अरुंद जिन्यावर २३ जणांचा जीव गेला. रोज तितकीच माणसं त्या पुलावरून जात होती. जिना मात्र अरुंदच राहिला होता.

म्हणून जत्रेत, यात्रेत, स्टेशनवर एवढं लक्षात ठेवा. आत शिरतानाच बाहेर पडायची दुसरी वाट बघून ठेवा. रेटा आलाच तर उलट ढकलू नका; दोन्ही हात छातीपुढे घ्या म्हणजे श्वासाला जागा राहील, आणि लाट ओसरली की तिरपं तिरपं कडेला सरका. पडलेली चप्पल उचलायला वाकू नका. चप्पल दुसरी मिळेल!

करून पाहा

नायगावात आता नगरपंचायत आहे. नवे प्लॉट पडताहेत, नवे रस्ते निघताहेत. रस्ता एकदा आखला की तो पन्नास-शंभर वर्षं हलत नाही. म्हणून आत्ताच बघून ठेवलेलं बरं. चार-पाच जणांचा गट करा आणि मोठ्या माणसाला सोबत घ्या.

१. शाळेच्या फाटकाच्या आत खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद असे चार चौकोन आखा. शाळा सुटताना एकेका चौकोनात किती पाय पडतात ते बघून माणसं मोजा. दोन मिनिटांनी पुन्हा मोजा.

२. त्याच वेळी दहा मुलांना विचारा, "गर्दी वाटली का? का वाटली?" आकडा आणि उत्तर शेजारी शेजारी लिहा. दोन्ही जुळतात का?

३. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहून एक साधा नकाशा काढा. माणसं कुठं अडतात? कुठं आपणहून थांबतात? सावली कुठं आहे? रिकामी गल्ली कुठली?

४. आता माणसं कमी न करता आणि कुणालाही न हाकलता काय बदलता येईल, ते लाल पेनाने नकाशावर दाखवा. एक दुसरं फाटक? ऑटोसाठी वेगळी जागा? भाजीवाल्या मावशींसाठी मागच्या गल्लीत ओटे? एखादं झाड आणि त्याला पार?

नकाशा तयार झाला की आधी वर्गाच्या भिंतीवर लावा. चुका काढायला वर्गमित्र आहेतच! मग दुरुस्त करून, मुख्याध्यापकांची सही घेऊन नगरपंचायतीत नेऊन द्या. आणि देताना पोच घ्यायला विसरू नका.